पंधरा थाऊची फट

औषधाच्या दुकानात बसून माणसं ओळखायची सवय लागते. कोण काय नेतो हे कळलं की कोण काय लपवतो हेही हळूहळू कळतं. धुळ्यात साक्री रोडला माझं मेडिकल आहे. त्याला लागून, एका भिंतीपलीकडे, नाना मिस्तरींचं गॅरेज होतं. सव्वीस वर्षं मी भिंतीच्या अलीकडे गोळ्या देत बसलो आणि नाना पलीकडे इंजिनं जुळवत बसले. त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, चार हसण्यासारख्या गोष्टी आठवतील आणि मन मोकळं होईल. गोष्टी आठवतात. मन काही मोकळं होत नाही.

नानांचं कागदावरचं नाव सुकलाल. तेही मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून कळलं. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते मला डाक्टरच म्हणायचे. “तुम्हीन मानसंना मिस्तरी, मी गाड्यासना,” असा त्यांचा हिशोब. माणूस ठेंगणा, रंगानं काळा, अंगात कायम खाकी शर्ट आणि खिशाला प्लास्टिकची डबी. डबीत फिलर गेज. म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली. दुसऱ्या कुणी त्या डबीला हात लावला तर नाना तोंडानं काही बोलत नसत, फक्त हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहत. एवढ्यानं तो माणूस डबी परत ठेवायचा.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं, एवढाच आपला खरा माल, बाकीचं शरीर त्याची ने-आण करायला आहे, असं त्यांचं मत. त्या तीन बोटांचे लाड एखाद्या थोरल्या मुलाचे व्हावेत तसे होते. चहाचा ग्लास ते हातात धरत नसत. बशीत ओतायचे आणि बशी तळव्यावर पेलून प्यायचे. कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी तव्यावरून आली की अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, ती मोडून, निववून त्यांच्यापुढे ठेवायच्या. गरम भाकरीनं कातडी निबर होते म्हणे. काम सुरू करायच्या आधी हात रॉकेलनं, मग साबणानं, मग बेसनानं धुवायचे. माझ्याकडून ग्लिसरीन न्यायचे. गल्लीतले टवाळ म्हणायचे, नाना नवरीसारखे नटतात. नाना म्हणायचे, नटतो, मग काय.

हे सगळं कशासाठी, तर एका फटीसाठी. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याच्यावर उंचवटे असतात. उंचवटा वर आला की तो टॅपेट नावाच्या खुंटीला ढकलतो, खुंटी व्हॉल्व्हला ढकलते आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा उतरला की व्हॉल्व्ह मिटतो. या खुंटीच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये, इंजिन थंड असताना, जराशी फट ठेवावी लागते. जळका धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, जुन्या गाड्यांत, पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फट जास्त झाली तर इंजिन खडखडतं. कमी झाली तर ऐकायला गोड लागतं, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळून जातो.

“लोखंड तपनं का वाढस,” नाना सांगायचे. “त्याले थंडामा जागा दी ठेवनी पडस. नही दी, ते मंग तो कोठे जाई?” हे वाक्य ते गाडीवाल्याला सांगत, तसंच कुणालाही सांगत. पुतण्याच्या लग्नात नवरानवरी पाया पडायला वाकले, तर त्यांनी आशीर्वाद दिला, “दोन्हीजन पंधरा थाऊ जागा ठेवज्यात.” नवरीकडचे लोक बुचकळ्यात पडले. अक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून हसू दाबलं, हे मी बघितलं.

फट मोजायची तर पाती फटीत घालायची आणि ओढून बघायची. सैल येते की जड येते, हे बोटांना लागलं पाहिजे. नाना जे ओळखायचे ते याच्याही पुढचं होतं. आयटीआयमधले एक निदेशक एकदा डिजिटल मायक्रोमीटर घेऊन आले आणि नानांची परीक्षा घ्यायला लागले. स्वतःच्या जुडग्यातली एक पाती काढून म्हणाले, ही कितीची. नानांनी डोळे मिटून ती चिमटीत फिरवली आणि म्हणाले, लिहिलंय पंधरा, पण ही पंधरा नाही, मधोमध झिजलीय, आता चौदाच उरलीय. निदेशकांनी मोजली. चौदा निघाली. निदेशक मोठ्या मनाचे. त्यांनी हात पुढे केला. नानांनी लांबूनच नमस्कार केला. हात मिळवणं त्यांच्या बोटांना मंजूर नव्हतं.

तापटही होते. एका ट्रकवाल्यानं घाई केली आणि म्हणाला, “नाना, उन्नीस-बीस चालेल.” नानांनी अर्धवट जुळवलेलं इंजिन तसंच सोडलं आणि बाहेर येऊन माझ्या पायरीवर बसले. तो ट्रकवाला दोन तास हात जोडून उभा होता. शेवटी मीच मध्ये पडलो. मला अशी मध्ये पडायची खोड आहे, आणि तिचं मी पुढे काय केलं ते सांगायचंच आहे.

तीस वर्षं नानांच्या हाताखाली दगडू नावाचे एक गृहस्थ होते. हाताखाली म्हणायचं, वयानं दोघं बरोबरीचे. टॅपेट जुळवायला तीन हात लागतात. एका पान्यानं खुंटी धरायची, दुसऱ्यानं नट फिरवायचा आणि तिसऱ्या हातानं पाती ओढत राहायची. पाने दगडूकडे, पाती नानांकडे, ही वाटणी कधी मोडली नाही. मग दगडू मुलाकडे सुरतेला राहायला गेले. नव्या गाड्या तर केव्हाच कॉम्प्युटरवाल्यांकडे जायला लागल्या होत्या. नानांकडे यायची ती कुणाची हौसेची जुनी मोटार, कुणाची पाणी ओढायची मशीन.

त्याच वर्षी एका सकाळी आम्ही पायरीवर चहा घेत होतो. नानांनी वाफाळता ग्लास सरळ हातात घेतला, चिमटीत धरला आणि बोलत बोलत पिऊन टाकला. बशीकडे बघितलंसुद्धा नाही. मी माझा चहा खाली ठेवला. साखरेच्या गोळ्या ते माझ्याकडून बरीच वर्षं नेत होते. हातापायाला मुंग्या येतात म्हणून दुसऱ्या गोळ्याही न्यायला लागले होते. साखर आधी पायाच्या बोटांचं भान खाते, मग हाताच्या, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. महिन्याभरानं गॅरेजमधून जळका वास आला म्हणून मी धावलो, तर नाना गरम सायलेन्सरच्या पायपावर हात टेकून काहीतरी वाकून बघत होते. मी त्यांचा हात ओढून घेतला. त्यांनी आधी माझ्याकडे रागानं बघितलं, मग हाताकडे.

मी मलम लावत असताना ते म्हणाले, “अक्काले सांगू नका.”

मी सांगितलं नाही. त्यांना एवढंच म्हणालो की आता डायल गेज मिळतं, काटा बघून फट कळते, नाहीतर पंधराची जाते आणि सोळाची जात नाही एवढं तरी बघा, त्याला बोटांची गरज नाही. ते आठ दिवस माझ्या दुकानात आले नाहीत. नवव्या दिवशी गोळ्या न्यायला आले आणि म्हणाले, “काटा देखीसन कोनी बी करी. मंग मी कशाले?” मी पट्ट्या मोजून त्यांच्यापुढे ठेवल्या.

मग जळगावहून शेठजी आले. कापसाचे व्यापारी, मूळ राजस्थानकडचे, तीन पिढ्या जळगावात. त्यांच्या आजोबांनी घेतलेली विलायती मोटार चाळीस वर्षं गोदामात उभी होती. शेठजींचे वडील, बाबूजी, नव्वदीला टेकलेले. त्याच मोटारीवर ते चालवायला शिकले होते. मरण्याआधी एकदा तिच्यात बसून गावातून फिरायचं, एवढंच ते आता मागत होते. जळगावात त्या इंजिनाला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून गाडी टेम्पोवर घालून धुळ्याला आणली.

शेठजी आधी माझ्या दुकानात शिरले. डोकेदुखीची गोळी घेतली आणि हळूच विचारलं, “नानांचं वय झालंय. जमेल ना त्यांना अजून?”

पलीकडून रॉकेलनं हात धुतल्याचा वास येत होता. नानांनी गाडी बघितली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला होता. मी म्हणालो, “त्यांच्यासारखा हात खानदेशात नाही, शेठजी.” या गोष्टीतलं पहिलं खोटं माझं आहे.

दोन महिने काम चाललं. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव धड तपासलं, कॅमशाफ्टचे बुश नवे करून घेतले, व्हॉल्व्ह घासले. हे सगळं डोळ्यांनी आणि मापांनी होण्यासारखं होतं आणि नानांनी ते चोख केलं. राहिली फट. त्या दिवशी दुपारी मी भिंतीपलीकडे डोकावलो तेव्हा गाडीशेजारी अक्का उभ्या होत्या. दोन्ही पाने नानांच्या हातात होते आणि पाती अक्कांच्या. अख्ख्या जन्मात त्यांनी ती डबी कुणाला दिली नव्हती.

अक्कांच्या हाताला गुण होता. त्यांच्या बिबड्या गल्लीत प्रसिद्ध. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर पसरायचं आणि अर्धवट वाळलं की फडक्यावरून बिबडी सोडवायची. लवकर ओढली तर फाटते, उशीर झाला तर तुटते. नाना त्यांना तेच सांगत होते.

“आवं, बिबडी फडकावरून सोडावतांना जशी वढ लागस ना, तशी लागाले पाहिजे. जास्ती नही, कमी नही. देख. जड लागस का सैल?”

“जड शे,” अक्का म्हणाल्या.

नानांनी नट सैल केला, परत कसला. अक्कांनी परत पाती ओढली. मी माझ्या दुकानात परत आलो. गिऱ्हाईक होतं. आणि खरं सांगायचं तर मला बघवलं नाही. पहिल्या चार-पाच व्हॉल्व्हचं ‘जड शे’, ‘सैल शे’ भिंतीतून ऐकू येत राहिलं. मग बराच वेळ नुसतं ‘जड शे’. मग अक्कांचा आवाज आला, “बराबर शे.”

तिसऱ्या दिवशी गाडी सुरू करायची होती. शेठजी ड्रायव्हरला घेऊन आले, नारळ फुटला, अक्कांनी कुंकू लावलं. नानांनी हँडल मारलं आणि इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. काय सांगू, असं शांत इंजिन मी ऐकलं नव्हतं. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आणलेली शाल नानांच्या खांद्यावर टाकली आणि फोन लावून इंजिनाचा आवाज बाबूजींना ऐकवला.

नाना लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लावून, त्याच्या मुठीवर कान टेकून वाकले होते. उठायला त्यांनी फार वेळ घेतला. ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि मला ऐकू येईल एवढंच बोलले, “भू शांत शे, जास्तीच शांत. टॅपेट बोलाले पाहिजे थोडं. तिसरा सिलेंडरनं बोलत नही.”

मग शेठजींना म्हणाले, “दोन दिन ऱ्हाऊ द्या गाडी.”

“नाना, बाबूजींना कालपासून झोप नाही,” शेठजी हात जोडून म्हणाले. “एवढं सुंदर चालतंय. आता कशाला हात लावता?”

नानांनी तोंड उघडलं. अक्का कुंकवाचं ताट घेऊन समोर उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. नानांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. खांद्यावरची शाल नीट केली. “न्या मंग,” म्हणाले. मी तिथंच होतो. बोलता आलं असतं. मध्ये पडायची माझी खोड त्या दिवशी कुठं गेली होती, कुणास ठाऊक.

पारोळा सोडल्यावर गाडी बंद पडली. तिसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह जळाला होता. त्याचा तुकडा आत पडला, पिस्टन फुटला आणि ब्लॉकला उभा तडा गेला. तसा ब्लॉक आता कुठे मिळत नाही. शेठजींचा फोन मला आला. नानांना सांगायची त्यांना हिंमत होईना.

मी निरोप द्यायला गेलो तर नाना घरात नव्हते, अक्का एकट्या होत्या. त्यांनी ऐकलं, खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटांना गुंडाळत म्हणाल्या, “मी खोटं सांगं, भाऊ. जड लागे. चार बार त्यासनी खोलं, चार बार कसं. पाचवी बार त्यासना हातमाईन पाना सुटना. घाम पाटपर्यंत. मी सांगी टाकं, बराबर शे. माले वाटनं, एवढासानी काय व्हस.” मग म्हणाल्या, “त्यासले सांगू नका. मरी जातीन.”

दुसऱ्या दिवशी नाना जळगावला निघाले. मी सोबत गेलो. शेठजींच्या बंगल्याच्या आवारात गाडी उभी होती आणि बाबूजी तिच्यात बसले होते. सकाळपासून बसलेत, उठत नाहीत, असं शेठजींनी सांगितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. बॉनेट उघडं, इंजिनाची झाकणं काढून ठेवलेली. नानांनी जळका व्हॉल्व्ह उचलला, उन्हात धरून बघितला आणि शेठजींसमोर जाऊन उभे राहिले.

“मना हातनी चूक शे,” ते म्हणाले. “दुसरं काही नही. फट कमी ऱ्हायनी.”

शेठजी चांगला माणूस. नशीब म्हणाले, जेवून जा म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं. आम्ही जेवलो नाही. नाना बाबूजींच्या पाया पडायला गाडीच्या दाराशी गेले. बाबूजींनी त्यांना ओळखलं नाही. म्हणाले, “सुरू कर.”

परतीच्या एसटीत एरंडोल येईपर्यंत माझ्या मनात चाललं होतं, सांगावं. चूक तुमच्या हाताची नाही हे कळलं तर निदान तेवढं ओझं उतरेल. मी म्हणालो, “नाना, एक सांगायचंय. त्या दिवशी अक्का…”

“तिना हात चुकस नही, डाक्टर,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “पन्नास वरीस मी तिना हातना खाऊन ऱ्हायनू. तिनी पाती वढी नही त्या बार. तिनी मना तोंडकडे देखं.”

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

“मले तवळच समजनं,” ते म्हणाले. “तरी मी नट कसा. परत इचाराले मनामा जोर नव्हता.” मग म्हणाले, “तिले सांगू नका. तिले वाटू द्या, मले माहीत नही.”

तेव्हापासून त्या घरातली दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दोघांची गोष्ट माझ्याकडे होती. काय करायचं असतं अशा वेळी, मला कुणी शिकवलेलं नाही. गॅरेजचं शटर रोज सकाळी उघडायचं. नाना आत स्टुलावर बसायचे. काम आलं तर परत पाठवायचे. दुपारी अक्का डबा घेऊन यायच्या, दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि मला भिंतीतून एक शब्द ऐकू यायचा नाही. आधी त्यांच्यात भांडणं व्हायची, ती बरी होती. आता दोघं एकमेकांशी इतकं जपून, इतकं गोड वागायचे की मला दुकानात बसवेना.

गोळ्यांच्या पट्ट्या न्यायला नाना येईनासे झाले. मी घरी नेऊन दिल्या, त्या उशाशी तशाच राहिल्या. रागावलो. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, डाक्टर.” पायाला जखम झाली ती त्यांना कळली नाही, आणि कळली तेव्हा उशीर झाला होता. मी इतक्या लोकांना साखरेबद्दल उपदेश करतो, शेजारच्या माणसाला वाचवू शकलो नाही. हे लिहायला सोपं नाही, पण लिहून टाकतो.

त्यांना शेवटचं बघितलं ते दवाखान्यात, सकाळी अकराच्या सुमारास. खाटेच्या एका बाजूला अक्का बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला नर्स साखर तपासायला आली होती. तिनं नानांचा उजवा हात घेतला आणि नेमकं अंगठ्याशेजारचं बोट पकडलं. मी म्हणणार होतो, ते नको, दुसरं घ्या. नाना बोटाकडे बघतच नव्हते. ते अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. नर्सनं सुई टोचली. अक्कांनी गच्च डोळे मिटून घेतले.

ते बघून नानांनी नर्सला विचारलं, “टोचीसन व्हयनं का, बाई?”